कमानीला बांधलेला ओंडका

लिंबागणेशच्या पुढे, डोंगराच्या कडेला असलेल्या आमच्या वाडीत जालिंदरला लोक इंजिनिअर म्हणतात. विहिरी खोदणाऱ्या यारीवर तो आठ महिने होता. त्यातले सहा त्यानं यारीच्या सावलीत झोपून काढले. एवढ्या शिक्षणावर तो वीस वर्षं गावाला अक्कल वाटतो आहे. स्वतःच्या घराला मात्र दार नाही, नुसता पत्रा टेकवलेला.

वादळात बांधावरचा कडुलिंब उन्मळून घळीत गेला. फांद्या तोडून झाल्यावर बायको दगडाबाई म्हणाली, "याचं चौकट-दार करू. दीपमाला बाळंतपणाला येती. लेकीला काय पत्र्याआड ठिवू?"

"उद्या ओंडका वर," जालिंदरनं सांगून टाकलं.

निम्मी वाडी बघायला जमली. त्यानं ट्रॅक्टरचं मागचं चाक जॅकवर उचललं; रिमवर वायरचा दोर गुंडाळत ओंडका ओढायचा, असा बेत. घळीच्या माथ्यावर कप्पी बांधायला भक्कम काहीतरी हवं होतं. तिथं एक जुनी बाभळ होती आणि वाडीची स्वागतकमान. जालिंदर बाभळीकडे निघाला.

"का रं, तिकडं कावून?" माजी सरपंच मोहनरावांनी हटकलं. "माझी कमान काय कागदाची हाय? कामावर तूच तर मुकादम व्हतास!"

तेच तर दुखणं होतं. खांबातल्या निम्म्या सळया विकून जालिंदरनं मोबाईल घेतला होता. दगडाबाई कानाशी पुटपुटली, "बाभळीलाच बांधा. कायबी कारण सांगा." पण कारण शोधायलाही डोकं लागतं. त्यानं कप्पी कमानीला बांधली, वर म्हणाला, "लई मजबूत हाय!"

चाक फिरलं. ओंडका दोन हात चढला आणि 'सुस्वागतम्' खाली आलं. ओंडका पुन्हा घळीत. मोहनराव मोडक्या खांबात वाकून सळया शोधू लागले, आणि जालिंदरला एकाएकी शेतातलं काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी दगडाबाईनं जाऊ सारजाबाई आणि चार बायका गोळा केल्या. दोन दोर बाभळीच्या बुडाला बांधले, ओंडक्याखालून घेऊन पुन्हा वर आणले आणि माथ्यावरून ओढले. ओंडका लोळत चढू लागला. हातभर चढला की तो मागं लोळू नये म्हणून सारजाबाई बाजूनं दगडाची उटी लावायची.

"कुठं शिकलीस गं हे?" सारजाबाईनं विचारलं.

"ऊसतोडीला गेलते तवा. कारखान्यावर बॅरल असेच चढवतेत गाडीत. तुझे दीर बी व्हते तिथं. झोपलेले."

दार बसलं, मग दीपमाला आली. बाळ बघायला येणाऱ्यांना जालिंदर ओट्यावर कप्पीचं शास्त्र समजावतो. दगडाबाई उठते आणि आतून कडी लावून घेते.