घड्याळाऐवजी प्रार्थना

लॅबमध्ये तिला सगळे रंगारीणबाई म्हणत. रोग्याच्या अंगातून काढलेल्या गाठीचा कागदाहून पातळ काप काचेवर चढवायचा, काच जांभळ्या रंगात बुडवायची आणि नेमक्या वेळी वर काढायची, हे तिचं काम. वेळ चुकली की काच फुकट. भिंतीवर चांगलं घड्याळ होतं, पण त्याच्याकडे ती ढुंकूनही बघत नसे. काच बुडवली की आईनं शिकवलेली प्रार्थना मनात सुरू करायची. ती संपली की काच बाहेर. डॉक्टरमॅडम हसून म्हणायच्या, "बाई, तुमचा देव आमच्याकडे बिनपगारी राबतो." देव आणि विज्ञान एकाच टेबलावर गुण्यागोविंदानं नांदत होते, कोणाचं काही अडत नव्हतं.

मग एके दिवशी तिच्या नवऱ्याच्या मानेवरची गाठ तपासायला आली. मॅडम म्हणाल्या, "हे दुसऱ्या कोणाला करू दे." ती ऐकेना. घरच्या माणसाचं काम परक्या हाती कसं द्यायचं?

तिनं काच बुडवली, प्रार्थना सुरू केली आणि पहिल्याच ओळीला घोडं अडलं. आजवर ती नुसती म्हणत आली होती, आज मागत होती. 'ह्यांना काही होऊ देऊ नकोस' म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. काच वर काढली तेव्हा काळीठिक्कर. आतलं काही दिसायची सोय नाही.

तिला धडकी भरली. दुसरा काप घेतला खरा, पण आता? प्रार्थना नुसती वेळेपुरती म्हणावी, तर ऐन गरजेला देवाची फसवणूक. मनापासून म्हणावी, तर काच पुन्हा वाया. शेवटी तिनं ओठ घट्ट मिटले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. स्वतःचाच तिला भयंकर राग आला.

काच सुरेख उतरली. मॅडमनी मायक्रोस्कोपमधून डोळे वर केले. "साधी गाठ आहे, बाई. घरी जा."

तिला रडू फुटलं, आनंदानंच. पण घर येईपर्यंत डोकं भणभणायला लागलं. मागितलं तेव्हा काच बिघडली. मागितलं नाही तेव्हा चांगली बातमी आली. की आधीचं मागणंच पोचलं होतं? पण दोन्ही काप एकाच गाठीचे, आणि गाठ तर आधीच काढलेली. त्यात जे होतं ते होतंच. मग ती मागत तरी काय होती? आणि इतकी वर्षं रोज म्हटलं, ती प्रार्थना होती की नुसतं घड्याळ?

बातमी ऐकून नवऱ्यानं मानेवरची पट्टी चाचपली. म्हणाला, "देवाचे आभार मान की गं."

"कुठल्या तोंडानं मानू? ऐन वेळी मी घड्याळाकडे बघत बसले. आभार मानू की माफी मागू, तेच कळत नाहीये मला. तुम्हीच म्हणा काहीतरी."

उभ्या जन्मात देवापुढे हात न जोडलेला तो माणूस गोंधळला. मग त्यानं अवघडत हात जोडले आणि हळूच विचारलं, "सुरुवात कशी करायची असते?"

तिलाही आता ते सांगता येईना.