सुमन मावशींचं ‘नको’

‘नाही’ म्हणता येतं हेच ज्याला माहीत नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणायचं का?

मी नांदेडला शालेय नेतृत्वाची पदव्युत्तर पदवी करते. शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांवर माझा प्रबंध आहे, याच महिन्यात जमा करायचा. बारा मुलाखती हव्यात, अकरा झाल्या होत्या. नियम असा की आधी संमतीपत्र वाचून दाखवायचं, मगच सही घ्यायची.

आज अर्धापूरजवळच्या एका गावात बाराव्या मुलाखतीसाठी सुमन मावशी केळीच्या बागेतून घाईघाईत आल्या. “कुठं करू सही?”

“मावशी, आधी वाचून दाखवते.”

“वाचून काय करतीस? समितीच्या वहीत बी सर बोट ठिवतेत तिथं करते. तू तर आपलीच पोरगी.”

तरी मी वाचलं. ‘नकार दिला तरी चालेल’ हे वाक्य आलं, तशा त्या थबकल्या.

“न्हाई म्हणलं तर चालतंय?”

“हो.”

“मग नको, बाई. शाळेबद्दल काय बोलू? माझी लेक त्याच शाळेत हाय.”

हसल्या, चार केळी हातात दिली आणि गेल्या.

परतताना बसमध्ये आधीच्या अकरा जणी आठवल्या. त्याही घाईत होत्या, आणि मी संमतीपत्र न वाचताच सह्या घेतल्या होत्या. आमच्या घरात पहिली पदवी माझी. आईसुद्धा माझ्या प्रत्येक फॉर्मवर न विचारता सही करत आली.

त्या अकराही मुलाखती मी वगळल्या. प्रबंध या सत्रात होणार नाही, असं मार्गदर्शक मॅडमना आत्ताच लिहून पाठवलं.