भिंतीवरचा पोपडा

बागेसमोरच्या भिंतीवर एका पक्षाने लिहिलंय, की राज्य कर्जात बुडवलं ते दुसऱ्याने. रंगाचा पोपडा निघालाय आणि खालून मागच्या निवडणुकीचा मजकूर दिसतोय. तो दुसऱ्या पक्षाचा आहे, पण आरोप तोच.

आमच्या बाकावरही रोज हेच चालतं.

"तुमच्या लोकांनी राज्य गहाण टाकलं!" नाना म्हणतो.

"मग तुमच्यांनी काय सोडवून आणलं?" बापू विचारतो.

आज मला राहवलं नाही. नोकरीभर मी वित्त विभागात होतो. दर मार्चला ठेकेदारांची बिलं कपाटात कुलूपबंद करायची आणि एप्रिलमध्ये बाहेर काढायची, हे माझं काम. त्यामुळे वर्षाची तूट कमी दिसायची. सरकारं बदलली, किल्ली माझ्याकडेच राहिली. दोन्ही पक्षांच्या मंत्र्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

हे सगळं सांगितल्यावर नाना कुजबुजला, "अरे, हळू बोल. पेन्शन खातोस ना?"

"खातो. म्हणूनच मोठ्याने बोलतोय."

पुढच्या निवडणुकीला ही भिंत पुन्हा रंगेल. रंगवणाऱ्यांनो, कोणत्याही पक्षाचं नाव लिहा, पण त्याखाली माझंही लिहा. ते पुसायला मी येणार नाही.