खुंटाळ्याची भिंत

लग्न झाल्यापासून आजतागायत आम्ही नवरा-बायकोने कुठल्याही घराच्या भिंतीला धड एक खिळा लावलेला नाही. मी हे अभिमानाने सांगत नाही. अभिमान असलाच तर तो ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, होता. ते केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि आमचा संसार झाला दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. भिंत सरकारची आहे, आपण नुसते राहायला आलोय, असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भिंतींची चाळण झाली होती, एकाने तर मागच्या अंगणात अख्खी खोली वाढवली होती. आमच्याकडे घड्याळ फ्रिजवर, कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं आणि लग्नाचा फोटो ट्रंकेवर, भिंतीला टेकवून. पंखा जोरात लावला की फोटोतले आम्ही दोघं हमखास तोंडावर पडायचो. ह्यांची कानटोपी, मफलर आणि किल्ल्या यांची जागाही फ्रिजच्याच डोक्यावर.

फर्निचर सगळं घडीचं. उद्या बदली झाली तर काय, म्हणून पलंग घडीचा, टेबल घडीचं, खुर्च्या घडीच्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. गंमत अशी की बदली कधी झालीच नाही. उद्या उद्या करत मुलगी आठवीत गेली, तरी आम्ही आपले सामान बांधायच्या तयारीत.

मग एका रविवारी आम्ही गुरुग्रामच्या पलीकडे, नव्या सेक्टरमध्ये, फ्लॅट बुक केला. घर पाहावं बांधून म्हणतात. बांधायची आमची ऐपत नव्हती, आम्ही बुक करून पाहिलं. तिथे तेव्हा मोहरीचं शेत होतं आणि एका तंबूत बिल्डरची माणसं आलेल्यांना सरबत देत होती. सातवा मजला, पूर्वेची बाल्कनी. फ्लॅटचा नकाशा मी घरी आणून पोळपाटाखाली दाबून सपाट केला, आणि त्या दिवसापासून मी मनाने तिथेच राहायला गेले.

तोवर मला घर सजवायची हौस आहे हे माझं मलाच माहीत नव्हतं. चकचकीत मासिकं मी कधी चाळली नाहीत. मला जे सुचायचं ते रस्त्यात सुचायचं. बसस्टॉपवरच्या चहावाल्याची एक निळी किटली होती, धुराने तिचा निळा रंग खोल झालेला. तो रंग मी स्वयंपाकघराच्या एका भिंतीसाठी ठरवला. कॉलनीतला माळी रिकाम्या कुंड्या पायऱ्यांवर पालथ्या रचून ठेवायचा, तशा मी बाल्कनीत रचणार होते. पण मुख्य गोष्ट सापडली ती कोपर्निकस मार्गावर. गावाकडचं कुणी सरकारी कामाला आलं की तिथल्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात उतरायचं, आणि आम्ही भेटायच्या निमित्ताने तिथलं जेवण जेवायला जायचो. आत शिरताना दाराजवळच्या भिंतीवर एक खुंटाळं होतं. जाड सागवानी फळी आणि तिच्यावर ओळीने पितळी खुंट्या. तिथली जुनी नोकरमंडळी कामावर येताना चालता चालता हात वर करायची, टोपी नाहीतर शाल अडकवायची आणि पुढे जायची. न बघता. खुंटी कुठे आहे हे हाताला पाठ. त्या दिवशी पानातली भाकरी गार झाली तरी मी बघत बसले होते. आपल्याही घरात शिरताना हात असा न बघता वर जायला हवा, एवढंच मला पाहिजे होतं. बाकी सजावट त्याच्या मागून आली असती.

तसलंच खुंटाळं मला अमर कॉलनीत, जुन्या फर्निचरच्या बाजारात मिळालं. एका मोडक्या ड्रेसिंग टेबलामागे चुन्याने माखून पडलं होतं. घासाघीस करून घेतलं आणि रिक्षातून मांडीवर धरून आणलं. फळीला तेल लावलं, खुंट्या चिंचेने घासल्या. ह्यांनी बोट फिरवून पाहिलं, चीज चांगली आहे म्हणाले, आणि विचारलं, लावणार कुठे? मी म्हटलं, आपल्या घरात. मग तोवर पलंगामागे ठेव, म्हणाले. खुंटाळं पलंगामागे गेलं.

त्यानंतर मला थांबवणारं कोणी नव्हतं. आरसा जडवलेलं एक कपाट आणलं. वेताची आरामखुर्ची आणली. बदली होऊन जाणाऱ्या एका बंगाली कुटुंबाकडून गोल जेवणाचं टेबल घेतलं, त्याचा एक पाय दुसऱ्या कुठल्या तरी टेबलाचा होता. प्रत्येक वस्तू घेताना आधी नकाशा बघायचा, टेप लावायची आणि कुठल्या भिंतीला काय ते ठरवायचं. कपाटावरून आमची चांगली जुंपली. मला ते बाल्कनीच्या समोर हवं होतं, म्हणजे सकाळचं ऊन आरशात येईल. ह्यांना वाटे, दार उघडलं की आडवं येईल. घराचा अजून पाया भरला जात होता आणि आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. पण एवढ्या वर्षांत ह्यांनी घरातल्या वस्तूवरून भांडण केल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी मनातून खूष होते. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच टेप घेऊन कपाटासमोर बसले, आकडे नकाशाशी ताडून पाहिले आणि तुझं बरोबर आहे म्हणाले.

बिल्डर म्हणाला, पुढच्या दिवाळीला चावी. ती दिवाळी गेली. मग पुन्हा पुढची. मजले चढले, आमचा सातवाही चढला, आम्ही तिथे जाऊन खालून फोटो काढला. त्यानंतर एका वर्षी गेलो तर क्रेन होती, माणसं नव्हती. पुढे क्रेनही गंजली. आमच्यासारख्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. मी उन्हात फलक धरून बसले आहे. फलकावर काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही, शेजारी बसलेल्या बाईने डब्यातून कापलेली काकडी दिली होती एवढं आठवतं.

ह्यांची रिटायरमेंट मात्र ठरल्या दिवशी झाली. क्वार्टर सोडायला काही महिन्यांची मुभा असते, लोक तीही ओलांडून राहतात. ह्यांनी मुदतीच्या कितीतरी आधी सामान काढलं. ताबा घ्यायला आलेला माणूस रिकाम्या खोल्यांतून फिरला. भिंतींवरून हात फिरवला, दारांमागे पाहिलं, आणि जरा हसून म्हणाला, "साहब, यहाँ कोई रहता भी था?"

ह्यांना ती शाबासकी वाटली. खाली उतरेपर्यंत त्यांनी ती मला दोनदा सांगितली. मला रडू आलं आणि मी ते घर सोडण्याच्या नावावर खपवलं.

आता आम्ही गुरुग्राममध्ये एका उंच सोसायटीत भाड्याने राहतो. घरमालकाने करारात लिहूनच घेतलं, भिंतीला ड्रिल नाही, खिळा नाही. ह्यांनी ते वाक्य वाचून मान डोलावली, जणू जुना मित्र भेटला. फ्लॅट लहान. माझं कपाट भिंतीकडे तोंड करून उभं आहे, कारण वळवायला जागा नाही. गोल टेबलावर आरामखुर्ची पालथी. खुंटाळं सोफ्यामागे. सोसायटीतली एक बाई एकदा प्रसादाचं ताट घेऊन आली आणि दारातच थबकली. असं विंटेज कलेक्शन मी कुठे पाहिलं नाही म्हणाली, फोटो काढले, आणि तुम्हाला याची इन्स्पिरेशन कुठून मिळाली असं विचारलं. मी म्हटलं, चहाच्या किटलीवरून. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

मुलगी बंगळूरला असते. ती आली की तिचा या घरात श्वास कोंडतो. दिल्लीतच वाढल्यामुळे खुंटाळं हा शब्दही तिला धड येत नाही, ती त्याला ते हुकवालं म्हणते. गेल्या वेळी तिने मला समोर बसवून सांगितलं, "आई, हे घर नाही, गोडाऊन आहे यार. विकून टाक सगळं. तो फ्लॅट होणार नाहीये, तुला माहितीये ना?"

मला माहीत होतं. टॉवरच कच्चा आहे, पाडावा लागेल, असं ग्रुपवर येऊन गेलं होतं. कुणी म्हणे तपासणीचा अहवाल आला, कुणी म्हणे नाही. ह्यांनीही वाचलं असणार. आम्ही दोघं त्यावर बोललो नाही. बोललं की खरं होतं, असं काहीसं आम्हा दोघांनाही वाटत असावं.

या फेब्रुवारीत एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, चल, एकदा घर बघून येऊ. घर म्हणाले. गुडघे दुखतात, त्यात लिफ्ट नाही, सात मजले कसे चढणार, असं मी पुष्कळ बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. कानटोपी घातली, ऑफिसची जुनी बॅग खांद्याला लावली आणि कॅब बोलावली.

गेटवरच्या गार्डने आधी नाही म्हटलं, मग ह्यांच्या वयाकडे पाहून सोडलं. जिन्याला कठडा नव्हता. आम्ही भिंतीच्या बाजूने, एकेका मजल्यावर बसत चढलो. बॅग त्यांनी मला घेऊ दिली नाही. सातव्यावर पोचलो आणि नकाशा दोघांनाही इतका पाठ होता की कुणाला विचारायची गरज पडली नाही. दार नव्हतंच, दाराचं भोक होतं. आत कबुतरांची घाण, सिमेंटच्या फाटक्या गोण्या, बाल्कनीच्या कोपऱ्यात पिंपळाचं रोप. मी हॉलमध्ये उभी राहिले आणि बाल्कनीसमोरच्या भिंतीकडे पाहिलं. ऊन बरोबर तिथे पडलं होतं. आरसा जिथे येणार होता तिथे, मी म्हणत होते अगदी तस्सं. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी बाकी सगळं विसरले. मग लक्षात आलं, माझं बरोबर निघाल्याने आता काही होणार नव्हतं.

मागून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. ह्यांनी आतून हातोडी काढली. कोरी, मुठीला दुकानाची चिकटपट्टी तशीच. मग कागदाच्या पुडीतून खिळे. दाराच्या आतल्या बाजूची भिंत, जिथे खुंटाळं लागणार होतं, तिथे जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "एवढ्या उंचीवर हात पोचेल ना तुझा?"

मी हात वर करून दाखवला.

आयुष्यात हातोडी न धरलेला माणूस. खिळा धरायचा कसा तेही माहीत नाही. पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसऱ्या घावाला खिळा आत गेला, रव्याच्या लाडवात जावा तितक्या सहज. त्यांनी समाधानाने माझ्याकडे पाहिलं आणि खिळ्याला बोट लावलं. तो बोटाबरोबर बाहेर आला आणि भोकातून वाळू सांडू लागली. बारीक, कोरडी वाळू. सिमेंट त्यात नावाला असेल नसेल. ती सांडायची थांबेपर्यंत आम्ही बघत उभे होतो.

त्यांनी हातभर अंतरावर दुसरा ठोकला. तोही तसाच आला. मग विटेत ठोकून पाहिला, तर विटेचा कोपराच सुटून खाली पडला. शेवटी ते कोपऱ्यातल्या खांबाकडे वळले. तिथे खिळा वाकला, आणि त्याच्याबरोबर सिमेंटचा थर निघून आतली गंजलेली सळई दिसायला लागली.

"राहू द्या," मी म्हटलं.

"मलाच ठोकता येत नाहीये," ते म्हणाले. "सवय नाही ना."

भिंतीला त्यांनी तेव्हाही दोष दिला नाही. त्यांनी वाकलेला खिळासुद्धा उचलला, पुडीत बांधला, हातोडी बॅगेत ठेवली. जमिनीवर सांडलेली वाळू बुटाने भिंतीकडे सारली, जाताना जागा स्वच्छ करून जायची सवय. मला त्यांचा राग आला, बिल्डरचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. त्या नकाशावर मी किती वर्षं घालवली याचा राग. उतरताना आम्ही कुठल्याही मजल्यावर बसलो नाही.

कॅबमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. अंगठा सुजला होता, तो दुसऱ्या हाताने दाबून धरलेला. टोल नाका गेला, टॉवर मागे पडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "क्वार्टरच्या भिंती पक्क्या होत्या गं. तिथेच ठोकायला हवा होता."

लग्न झाल्यापासून मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकल्यावर वाटलं, हे ते बोलले नसते तर बरं झालं असतं. मी त्यांचा अंगठा हातात घेतला आणि घरी गेल्यावर हळद लावू म्हटलं.

घरी आलो. कुलूप उघडून ते आत शिरले, डोक्यावरची कानटोपी काढली आणि चालता चालता, न बघता, हात वर करून फ्रिजवर ठेवली.