मुळासकट तेरडा

दादरच्या फुलबाजारात आज तेरडा आलाय. ओल्या गोणपाटावर जांभळ्या-गुलाबी फुलांच्या जुड्या आडव्या टाकलेल्या, मुळांना अजून माती चिकटलेली. त्या मातीचा कच्चा, थंड वास नाकात गेला आणि माझा पायच निघेना. मागून एका बाईंनी "चला ना ओ, वाटेत काय उभ्या?" म्हणत ढोसलं, तरी मी आपली तिथेच. नऊ वर्षांपूर्वी एका शाळेच्या व्हॅनमध्ये हा वास आमच्याबरोबर कोकणात गेला होता.

ती व्हॅन माझी मैत्रीण चालवायची. लालबागच्या चाळीत राहणारी, माझ्या मुलीला आणि आणखी दहाबारा पोरांना शाळेत सोडणारी, हॉर्नपेक्षा तोंडाचा वापर जास्त करणारी. मी गिरगावात वाढलेली, लग्न होऊन दादरला आलेली, रस्ता ओलांडतानाही कुणाचा तरी हात शोधणारी. आमचं कसं जमलं, देव जाणे! एक दिवस पोरांना उतरवून तिने मला पुढच्या सीटवर बसवलं आणि शिवडीच्या खाडीतले रोहित पक्षी दाखवायला नेलं. एवढी वर्षं मुंबईत काढून मी शिवडी पाहिली नव्हती, याची मला लाजच वाटली.

तिचं दुखणं एकच होतं. मारकुट्या नवऱ्याचं घर सोडून ती निघाली, तेव्हापासून भावाने तिला गावच्या गौरीला बोलावणं बंद केलं होतं. सण माहेरवाशिणीचा, गौर स्वतः माहेरी येते, आणि हिलाच दार बंद! सात वर्षं ती गप्प राहिली. आठव्या वर्षी म्हणाली, "मी जातंय. बोलावणा नाय तर नाय. पण एकटीक दारात उभी ऱ्हवाचो धीर नाय. तू येतंस?" मी हो म्हणून बसले आणि मग घाबरले.

"अगं, पण घावन-घाटलं कोण करणार?" घरी नवऱ्याचा पहिला प्रश्न. आमच्याकडे खड्याच्या गौरी, त्यांना त्याचाच नैवेद्य. "पीठ भिजवायला दोन हात लागतात, ते तुम्हालाही आहेत," असं मी म्हणाले खरी. तो आवाज माझाच होता का, याची मला अजून शंका आहे.

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून पहाटे याच बाजारातून मी तेरड्याच्या दोन जुड्या घेतल्या. सीटला चिखल लागेल म्हणून मुळं छाटून घेतली, वर छान कागदात गुंडाळली. पेणला चहाला थांबलो तेव्हा तिने पुडकं उघडलं आणि कपाळावर हात मारला. "गो बाये! आमच्या गावाक तेरडो गवतासारखो वाढता, आणि तू दादरसून घेऊन चललंस? आणि ह्या काय? पाय कापलंस गौरीचे!" तिच्याकडे तेरडाच गौर म्हणून पुजतात आणि मुळं म्हणजे तिची पावलं, हे खडे पुजणाऱ्या मला काय ठाऊक! मला रडूच आलं. ती मात्र पोट धरून हसली.

महाडच्या पुढे घाटात तिने गाडी थांबवली, ओढणी कमरेला खोचली आणि कडेच्या उतारावर उतरली. मागोमाग मीही. पन्नाशीला टेकलेल्या आम्ही दोघी घोटाभर चिखलात उभ्या राहून मुळासकट तेरडा उपटत होतो. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि ती त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. अशी हसले मी त्या दिवशी, की सासर-माहेर दोन्ही विसरले. स्वातंत्र्य हा शब्द तोवर भाषणात ऐकलेला. ते पायांना एवढं गार लागतं, हे तिथे कळलं.

दिवेलागणीला पोचलो. अंगणात भाऊ उभा. तेरडा छातीशी धरून ती दारापुढे थांबली. इथूनच परत पाठवलं, तर हिला मी काय सांगत मुंबईला नेऊ? तेवढ्यात वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. नवऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. गौर आणणारीला विचारतात तेच तिने विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी इली गो?" उत्तर ठरलेलं असतं, सोन्याच्या. मैत्रिणीने खाली पाहिलं आणि पुटपुटली, "चिखलाच्या."

"मग धुवूक होये," वहिनी म्हणाली, आणि तांब्या तिच्या पायांवर ओतला.

भाऊ तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. निघताना मात्र चाकाला लाथ मारून म्हणाला, "हवा कमी हा. पुढच्या पंपार भरून घे." तेवढ्यावर ती कणकवलीपर्यंत रडली.

मग दरवर्षी गेलो. मधल्या काळात शिवाजी पार्काच्या कडेने पहाटे फेऱ्या मारत तिने मला गाडी शिकवली, शिव्यांसकट. गेल्या पौषात ती गेली. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने तो घाटात दरवर्षी पुन्हा उगवलेला पाहिला नसावा. परवा वहिनीचा फोन आला, "ती नाय, तरी तू येतंस मा? वाट बघतंय."

"ताई, मुळं छाटून देऊ? गाडी खराब होईल," फुलवाली विचारत होती.

"नको," मी म्हटलं. कोकणात तेरडा न्यायचा नसतो, हे मला आता कळतं. तरी एक जुडी घेतली आणि आता माझ्याकडे असलेल्या तिच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर, मी बसायचे तिथे, ठेवली. सीटला चिखल लागला. लागू दे. मी गाडी सुरू केली.