भावोजींच्या ताटलीतली चरबी

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, एका प्रयोगशाळेत चरबीच्या पेशी पाळतात. दुसरा शब्द मला सापडत नाही. काचेच्या ताटल्यांत पेशी वाढवायच्या, त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं, शेवटी लाल रंग ओतून धुवायचं. चरबी साठली असेल तिथे लाल ठिपके दिसतात. काम चांगलंच आहे. माणूस मात्र नाकाने कांदे सोलणारा. प्रयोग तिथल्या प्रमुख मॅडमचा, हे ताटल्या धुणार, आणि घरी तोरा असा की शोध यांनीच लावला.

झालं असं, की मॅडमनी काही ताटल्यांत एका पानांच्या अर्कातलं अँटिऑक्सिडंट घातलं. पेशीत एक प्रोटीन जागं झालं की ती चरबी साठवायला लागते, आणि हा अर्क त्या प्रोटीनला जागंच होऊ देत नाही, असा त्यांचा अंदाज. त्या ताटल्यांत लाल ठिपके खरंच फारसे दिसेनात. पण मॅडम म्हणाल्या, हे ताटलीतलं झालं, माणसाच्या अंगात काय होईल ते अजून कुणाला ठाऊक नाही. भावोजींनी हे एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. मायक्रोस्कोपला मोबाईल लावून साध्या ताटलीचा आणि अर्काच्या ताटलीचा फोटो घेतला, आणि घरी येऊन लेकीकडे पाहिलं.

पोरगी नववीतली, गुटगुटीत, हसरी. बापाला तिची लाज वाटायची. चरबीवर काम करणाऱ्याच्या घरात जाडी मुलगी म्हणजे नाकच कापलं, असं ते चारचौघांत म्हणायचे, तेही तिच्यादेखत. आता त्याच पानांच्या घट्ट अर्काच्या गोळ्या बाजारातून आणून तिला चारायला लागले, आणि जेवणाऐवजी प्रोटीनची पावडर. ताई मूग गिळून गप्प. मी बोलले, तर म्हणाले, तुला यातलं काय कळतं? नव्हतंच कळत. पण पोरीचे डोळे पिवळट व्हायला लागले होते, ते कुणालाही दिसलं असतं. या महाशयांना वजनकाट्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

शेवटी ती शाळेच्या जिन्यात कोसळली. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, यकृताला सूज आहे, गोळ्या या क्षणापासून बंद, आणखी चालू राहिल्या असत्या तर पोर हातची गेली असती. यावर या गृहस्थांनी काय करावं? मोबाईल काढून त्या बाईंना ताटल्यांचे फोटो दाखवावेत! दुसरा कुणी असता तर मान वर केली नसती.

बाई पुढच्या पेशंटकडे गेल्या. पोरीने खाटेवरून हात पुढे करून मोबाईल घेतला, दोन्ही फोटो मोठे करून पाहिले.

"बाबा, अर्काच्या ताटलीत पेशीच कमी आहेत."

"काही मरतात," ते म्हणाले. "धुताना पाण्याबरोबर जातात त्या. त्या मोजायच्या नसतात. उरलेल्यांत चरबी नाही, ते बघ ना."

पोरीने मोबाईल परत दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

ताई उठली. लग्न झाल्यापासून नवऱ्यापुढे तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, आताही चढला नाही.

"तुम्ही निघा. इथून सुटल्यावर आम्ही दोघी माझ्या बहिणीकडे राहणार."

ते माझ्याकडे बघायला लागले, मी तिची समजूत घालीन म्हणून. मी दार उघडून धरलं.