ह्यात जीव न्हाय न्हवं?

औषधाची बाटली हातात पडली की आक्का आधी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायच्या, तिरपी करून बघायच्या आणि मला विचारायच्या, "बाई, ह्यात जीव न्हाय न्हवं?" खोकल्याचं औषध असो की पायाला लावायचं मलम, हा प्रश्न कधी चुकला नाही. लढाईची वर्षं होती आणि निपाणीच्या त्या दवाखान्यात मी नर्स होते.

आक्का जैनांच्या, घर तंबाखूच्या वखारवाल्यांचं. पाणी गाळून पिणार, सूर्य मावळल्यावर तोंडात थेंब घालणार नाहीत. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. त्यातल्या बऱ्याच जणी आपला नेम दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला बघतात. आक्का मात्र स्वतःपुरतं बघायच्या.

पंचेचाळिशी उलटली, पाळी जायला लागली आणि त्यांचे हाल सुरू झाले. "अंगातनं वाफा निघत्यात गं बाई. भर थंडीत लुगडं भिजतंय. झोप म्हणून न्हाय." बाहेरच्या बाकावरून त्यांचे मालक म्हणाले, "समद्याच बायकांचं जातंय की. हिचंच काय न्यारं?" शेजारी बसलेला माणूस फिदीफिदी हसला, मग मालकही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. एक, विलायतेहून आलेली नवी गोळी. कारखान्यात रसायनांपासून केलेली, पण ती घेतली की मळमळायचं. दुसरी सुई. ती सोसायची, पण तिच्यात मेंढीच्या पोटातल्या गाठींचा अर्क. आक्कांनी पदर नाकाला लावला. "गोळीच द्या."

गोळी त्यांना सोसली नाही. दिवस मावळायच्या आत घ्यायच्या आणि तिन्हीसांजेला भडाभडा ओकायच्या. मग चूळ भरून थुंकायच्या, घोट मात्र सकाळपर्यंत नाही. महिन्याभरात गालफडं बसली. मी काही म्हटलं की म्हणायच्या, "वांती झाली तर हू दे. पाप तरी न्हाय."

एका सकाळी डॉक्टर वैतागले. मला आत बोलावून म्हणाले, "आज सुई द्या तिला. गोळीतलंच औषध आता सुईतून येतं म्हणून सांगा. बरी होईल, आणि आपलं डोकंही खाणार नाही." तोंडात पान होतं. बोलताना लाल थेंब आक्कांच्या केसपेपरावर उडाला, तो त्यांनी अंगठ्यानं पुसला. मी तोंड फिरवलं. तरी मी बाहेर आले आणि कुपी फोडली.

"बाई, ह्यात जीव न्हाय न्हवं?"

"न्हाय, आक्का."

किती सहज बोलले मी! डॉक्टरांच्या त्या पानापेक्षा मला त्या सहजतेची जास्त शिसारी येते.

दोन महिन्यांत वाफा थांबल्या. आक्का झोपू लागल्या, चेहरा भरला, दवाखान्यात शिरताना हसू लागल्या. माझ्यासाठी खोबऱ्याच्या वड्या घेऊन आल्या. मी त्या खाल्ल्याही.

मग एक दिवस त्या चिकोडीच्या जावेला घेऊन आल्या. तिचीही तीच तक्रार आणि तोच नेम. ती सुईकडे बघून कचरत होती. आक्कांनी तिचा दंड धरून माझ्यापुढे केला. "बिनघोर घे गं. ह्यात जीव न्हाय. बाईंनी सांगितलंय."

सुई माझ्या हातात होती. मी ती ताटलीत ठेवली. "आक्का, मी खोटं बोलले. ही मेंढीचीच सुई हाय. तुमास्नी बी हीच दिली."

वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. आक्कांनी जावेचा दंड पदराखाली झाकला आणि विचारलं, "किती झाल्या मला?"

"अकरा."

उंबऱ्याशी जाऊन त्या वळल्या. "बाई, वांती माझी हुती. मी सोसतच हुते की."

डॉक्टरांनी मला मूर्ख म्हटलं. पुढे कानावर आलं की आक्कांनी अकरा उपास केले, आणि वाफा पुन्हा सुरू झाल्या. गोळ्या न्यायला घरचा गडी यायचा.

उन्हाळ्यात त्या एकदाच आल्या. डोळे लाल, सुजलेले, सारखं पाणी गळत होतं. मी थेंबांची बाटली दिली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, तिरपी केली. त्या थेंबांत खरंच कसला जीव नव्हता. मी उत्तर तयार ठेवून उभी होते.

आक्कांनी काही विचारलं नाही. बाटली माझ्या हातात परत दिली आणि पदरानं डोळे टिपत, चाचपडत, पायऱ्या उतरून गेल्या.